सरांना गुण किती?



गुण देण्याचा अधिकार मास्तरांचा आणि ते घेण्याचे काम मुलांचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. मास्तर कसे शिकवतात हे पाहावयाचे असले तर त्यासाठी दिपोटी येत. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, फळ्याला काळा रंग लागे, हुशार मुले पुढच्या रांगेत येत. परंतु मागच्या रांगेतल्या पोराला जवळ बोलावून, "काय रे बाळ, गुरुजींचं सांगणं तुला उमगतं का?" असे कुणी विचारल्याचे फारसे ऐकिवात नाही.

आता हे चित्र पालटले आहे. महाविद्यालयांचे मूल्यमापन करण्यासाठी १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद स्थापन झाली. तिला सगळे ‘नॅक’ म्हणतात. २०१७ साली परिषदेने आपली पद्धत सुधारली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी हा त्या पद्धतीचा एक भाग झाला. २१ प्रश्नांचा तो कागद. त्यातले २० प्रश्न खुणा करण्याचे आणि शेवटचा सूचना लिहिण्याचा. अभ्यासक्रम किती शिकवून झाला? शिक्षक तयारी करून येतात का? त्यांचे सांगणे समजते का? अशा धर्तीचे ते प्रश्न. शिवाय पुष्कळ महाविद्यालये सत्राच्या शेवटी विषयवार मतेही गोळा करतात. कर्जत आणि खोपोलीची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली. तेथेही ही चाल आता अंगवळणी पडली आहे.

म्हणजे गुण आता उलट्या दिशेनेही चालू लागले. हे बरे झाले की वाईट, हा वाद शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ वेळा निघतो. कुणाला त्यात आपला अपमान वाटतो, तर कुणाला वाटते की मुले म्हणतील तेच खरे. आज मी ह्या प्रश्नाचा विचार एका विषयाच्या निमित्ताने करणार आहे. विषय आहे आरोग्य मानसशास्त्र आणि मुलूख आहे आपला, कर्जत-खालापूरचा. हाच विषय का घेतला? गणिताच्या मास्तरांनी काय शिकवले ते मुलाच्या वहीत दिसते. आरोग्य मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने काय शिकवले ते मात्र वहीत दिसून भागत नाही. ते मुलाच्या घरात दिसावयास पाहिजे. मग अशा प्राध्यापकाला गुण कुणी द्यावयाचे, आणि ते कशावरून?

आधी हा विषय म्हणजे काय ते थोडक्यात पाहू.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मनाचा शरीराशी संबंध आहे हे आपल्या लोकांना कुणी शिकवावयास नको. पण त्याचा पद्धतशीर अभ्यास मात्र अलीकडचा. १९७७ साली जॉर्ज एंगल ह्या अमेरिकन डॉक्टरांनी असे मांडले की, आजार म्हणजे नुसता शरीराचा बिघाड नव्हे; शरीर, मन आणि भोवतालचा समाज ह्या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय आजारी माणूस समजत नाही. पुढल्याच वर्षी, १९७८ साली, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेत आरोग्य मानसशास्त्राचा वेगळा विभाग निघाला. माणसे आजारी का पडतात, कळूनही पथ्य का पाळत नाहीत, औषध अर्धवट का सोडतात, दुःख कसे सोसतात, व्यसन का लागते आणि ते कसे सुटते, ह्या सगळ्यांचा विचार ह्या शास्त्रात येतो.

ह्या शास्त्राच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या आरोग्य खात्याने क्षयरोग शोधण्यासाठी क्ष-किरणांच्या गाड्या वस्त्यांतून फिरवल्या. गाडी दारात आलेली, खर्च जवळजवळ नाहीच. तरी पुष्कळ लोक तपासून घ्यायला येईनात. खात्यातली मंडळी बुचकळ्यात पडली. तेव्हा हॉकबॉम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना गाठून विचारले. ‘हा रोग मलाही होऊ शकेल’ आणि ‘लवकर कळला तर फायदा आहे’ ह्या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यापैकी शेकडा ८२ जणांनी तपासणी करून घेतलेली होती. ज्यांना ह्यांतली एकही पटली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा २१ होते.

ह्यावरून त्या लोकांनी एक पद्धत बसवली. माणूस आरोग्यासाठी एखादे पाऊल टाकतो त्याआधी तो मनाशी काही हिशेब करतो. हे मला होईल का? झाले तर कितीसे बिघडेल? ह्या उपायाने खरेच गुण येईल का? आणि तेथवर पोचायला मला किती खटपट पडेल?

आता हाच हिशेब कशेळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीतल्या माणसाला लावून पाहा. खोकला तीन आठवडे थांबत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरी तो जात नाही. आपण चटकन म्हणतो, "अडाणी आहे, दुसरं काय!" पण तो तर पक्का हिशेबी आहे. दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, एसटी वेळेवर मिळेलच असे नाही, आणि पहिल्याच खेपेला काम होईल याची खात्री नाही. त्याच्या हिशेबातली शेवटची रक्कमच एवढी मोठी आहे की बाकीच्या तिन्ही पुसल्या जातात. हे ज्याला कळले तो त्या माणसाला अडाणी म्हणणार नाही. तो एसटीचे वेळापत्रक विचारील. आरोग्य मानसशास्त्र शिकावयाचे ते ह्यासाठी.

आता आपल्याकडे हा विषय शिकणारी मुले कोण आहेत ते पाहा. कुणी लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी ही स्टेशने घेत घेत गाडीने येतो. कुणी कडाव-कळंबकडून एसटीने येते, कुणी चौकच्या बाजूने. पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. लावणीच्या दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात, कारण घरी हात कमी असतात. कातकरी कुटुंबांतली माणसे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर बाहेरगावी जातात. त्यातून एखादा मुलगा कॉलेजपर्यंत पोचला तर ते त्याचे मोठेच धैर्य समजावयाचे. ह्या मुलांच्या घरात मिश्री आहे, दारू आहे, आजीची साखरेची गोळी आहे, चुलत्याची सुटलेली औषधे आहेत. म्हणजे आरोग्य मानसशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधीच ही मुले त्याचे निम्मे धडे पाहून आलेली असतात.

अशी मुले मतांच्या कागदावर काय लिहितात? ज्यांनी असे कागद वाचले आहेत त्यांना त्यातले ठरावीक शेरे पाठ झालेले असतात. ‘सर छान शिकवतात.’ ‘मॅडम फार कडक आहेत.’ ‘नोट्स द्याव्यात.’ ‘मराठीत समजावून सांगावे.’ ‘उदाहरणे आपल्याकडची द्यावीत.’ ‘शेवटचा तास लवकर सोडावा.’

पहिले दोन शेरे गोड आणि कडू असले तरी दोन्ही सारखेच पोकळ. छान म्हणजे काय? आवाज छान, स्वभाव छान, की पेपर सोपा काढतात म्हणून छान? त्यातून सरांना शिकण्यासारखे काही हाती लागत नाही.

‘नोट्स द्याव्यात’ हा शेरा वाचून आपण प्राध्यापक मंडळी कपाळाला आठ्या घालतो. मुले आळशी झाली, म्हणतो. काही अंशी ते खरेही असेल. पण मानसशास्त्राची नावाजलेली पुस्तके इंग्रजीत, तीही अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली. ज्या मुलाने दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढे पदवीची उत्तरेही मराठीतच लिहायची ठरवली आहे, त्याने त्या पाचशे-सहाशे पानांचे काय करावे? त्याला नोट्स हव्या असतात त्या पुष्कळदा पुस्तकाला पर्याय म्हणून नव्हे, तर पुस्तकाकडे जाण्याचा पूल म्हणून. तेव्हा ‘नोट्स द्या’ आणि ‘मराठीत सांगा’ हे दोन शेरे एकाच तक्रारीचे दोन तुकडे आहेत.

‘उदाहरणे आपल्याकडची द्यावीत’ हा शेरा तर सोन्याचा. तणावाचे उदाहरण म्हणून पुस्तकात न्यूयॉर्कमधला कारकून येतो. इकडे खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला, रात्रपाळी करून सकाळी वर्गात डुलक्या घेणारा तरुण तिसऱ्या बाकावर बसलेला असतो! आणि शेवटचा तास लवकर सोडा म्हणणाऱ्यालाही एकदम कामचुकार ठरवू नका. खोपोलीच्या फाट्यावर गाड्या मोजक्याच; एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर बसून राहावे लागते. मुलगी असली तर घरचे लोक काळजीत. तेव्हा तो शेरा सरांविषयी नसून वेळापत्रकाविषयी आहे, आणि तो प्राचार्यांनी वाचावयाचा आहे.

म्हणजे काय, की मुलांची मते कचऱ्यात टाकण्यासारखी मुळीच नाहीत. पण ती निवडून घ्यावी लागतात. कोणत्या मतावर किती विसंबावे, याचाही अभ्यास झालेला आहे, आणि तो करणारे बहुतेक मानसशास्त्रज्ञच आहेत. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट गमतीची आहे. १९७० साली अमेरिकेत एका शैक्षणिक बैठकीत डॉ. मायरन फॉक्स नावाच्या विद्वानांचे व्याख्यान झाले. गणितातली एक उपपत्ती डॉक्टरांच्या शिक्षणाला कशी लावावी, असा भारदस्त विषय. समोर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी जाणती मंडळी. व्याख्यान रंगले, श्रोत्यांनी प्रश्न विचारले, त्यांना उत्तरे मिळाली, आणि नंतर मतांचा कागद फिरला तेव्हा त्यात व्याख्यात्यांची स्तुती झाली. हे डॉ. फॉक्स म्हणजे एक नट होते! त्यांना विषयाचा गंधही नव्हता. परस्परविरोधी वाक्ये आणि निरर्थक शब्द हसतखेळत, ऐटीत कसे बोलावेत एवढेच त्यांना शिकवलेले होते. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. जेथे जाणते फसले तेथे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी ‘सर छान शिकवतात’ म्हटले, तर त्यावरून सरांच्या ज्ञानाची खात्री कशी द्यावी?

दुसरी गोष्ट २०१५ सालची. अमेरिकेतच एका विद्यापीठात संगणकावरून शिकवला जाणारा एक वर्ग होता. शिक्षक एक पुरुष आणि एक स्त्री. मुलांना त्यांचे तोंड दिसत नव्हते, फक्त नाव दिसे. प्रत्येकाने एका तुकडीला आपल्या नावाने आणि दुसऱ्या तुकडीला समोरच्याच्या नावाने शिकवले. तपासलेले काम दोघांनी एकाच वेळी परत केले, तरी ‘काम वेळेवर परत करतात का’ ह्या प्रश्नाला स्त्रीच्या नावाला कमी गुण पडले आणि पुरुषाच्या नावाला जास्त. पाहणी लहान होती, पण विचार करायला लावणारी आहे. आपल्याकडे ‘मॅडम फार कडक’ असा शेरा आला तर स्वतःला विचारावे, की असेच वागणाऱ्या सरांना मुलांनी कडक म्हटले असते, की शिस्तीचे?

तिसरी गोष्ट २०१० साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कोणता विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. तेथे असे दिसले की, ज्या प्राध्यापकांच्या मुलांना त्या सत्रात चांगले गुण पडले, त्यांना मुलांनी चांगली मते दिली. पण पुढच्या वर्षीच्या, त्याच पायावर उभ्या असलेल्या विषयांत ती मुले मागे पडली. ज्या प्राध्यापकांनी मुलांना जरा घाम काढायला लावला, त्यांची मते तितकी चांगली आली नाहीत, पण त्यांची मुले पुढे टिकली. उखळात कांडलेला तांदूळ आणि नुसता चाळलेला तांदूळ, यांतला फरक ताटात वाढल्यावर कळतो.

आता ह्या तिन्ही गोष्टी आपल्या विषयाला लावून पाहू. आरोग्य मानसशास्त्राचा पाया म्हणजे कळणे आणि वागणे ह्यांच्यातले अंतर. ह्या अंतराचा एक फार सुंदर प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो योगायोगाने विद्यापीठातल्या मुलांवरच केलेला होता. येल विद्यापीठात लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रके वाचायला दिली. काहींचे पत्रक भयंकर होते, तर काहींचे सौम्य. भयंकर पत्रक वाचणाऱ्यांनी अधिक ठामपणे सांगितले, की धनुर्वाताची लस घेतलीच पाहिजे. मत एकदम अनुकूल! पण प्रत्यक्षात लस घ्यायला गेले किती? नुसते पत्रक वाचलेल्यांपैकी शेकडा ३. काही विद्यार्थ्यांना मात्र पत्रकाबरोबर दवाखान्याची जागा दाखवणारा नकाशा दिला होता, आणि आठवड्यातल्या कोणत्या वेळी जाता येईल ते स्वतःच ठरवायला सांगितले होते. त्यांच्यातले शेकडा २८ जण गेले. ज्यांना काहीच भीती वाटलेली नव्हती, त्यांना नुसता नकाशा देऊनही उपयोग झाला नाही. भीती सौम्य की भयंकर यानेही फार फरक पडला नाही. थोडी काळजी आणि सोबत रस्ता, एवढ्याने काम झाले.

मंडळी, समजा ह्या दोन्ही गटांना त्या दिवशी संध्याकाळी मतांचा कागद दिला असता, तर अंगावर काटा आणणाऱ्या वक्त्यालाच जास्त गुण पडले नसते का? नकाशा काढून देणारा माणूस बिचारा रुक्ष वाटला असता. पण दवाखान्याची पायरी मुले चढली ती त्याच्यामुळे.

म्हणून तोंडाच्या कर्करोगाची भयानक चित्रे दाखवून वर्ग हादरवून सोडणाऱ्या सरांना मी लगेच पैकीच्या पैकी देणार नाही. मी विचारीन, सर, तपासणी कोठे होते, कोणत्या वारी होते, आणि मिश्री लावणाऱ्या आईला तेथवर न्यायला मुलाने कोणती गाडी धरावी, हे तुम्ही सांगितलेत का? सांगितले असेल तर त्या तासाची किंमत मोठी, मग मुलांनी त्यावर ‘कंटाळवाणे’ असा शेरा का मारला असेना.

ह्या विषयाला आपल्या भागात केवढे वजन आहे, हे सांगताना एका दुःखद घटनेचा उल्लेख करणे भाग आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची ती वस्ती. २७ जणांचे देह हाती आले, ५७ जण सापडलेच नाहीत, आणि शेवटी शोध थांबवावा लागला. अशा प्रसंगी वाचलेल्यांना आधी निवारा, धान्य, कपडे लागतात हे सर्वांना समजते. पण ज्याचा माणूस गेला आणि देहही मिळाला नाही, त्याच्या दुःखाला टेकायला जागाच उरत नाही. पुढच्या पावसाळ्यात रात्री सरी कोसळू लागल्या की झोप उडते. आपणच का वाचलो, हा विचार पाठ सोडत नाही. ह्याला कुणी वेड म्हणू नये, की मनाचा दुबळेपणा म्हणू नये. मोठ्या आघातानंतर धडधाकट माणसालाही असे होते.

डोंगराच्या कुशीतल्या अशा कितीतरी वाड्या कर्जत आणि खालापूर ह्या तालुक्यांत आहेत, आणि त्या वाड्यांतली मुले आपल्या वर्गात आहेत. ‘तणाव आणि शोक’ हे प्रकरण शिकवताना ‘लक्षणे लिहून घ्या’ म्हणून सरांनी फळ्याकडे तोंड केले, तर पेपरापुरते काम होईल. पण मुलाच्या हाती काही लागणार नाही. उलट, उत्साहाच्या भरात सरांनी एखाद्याला उभे करून, "सांग पाहू, त्या रात्री तुला काय वाटलं?" असे विचारले, तर तेही चूक. आघात झालेल्या माणसाला एका बैठकीत सगळे बोलायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, असे अभ्यासांत दिसून आले आहे. बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारे माणूस जवळ असणे महत्त्वाचे. प्राध्यापक म्हणजे डॉक्टर नव्हे. पण कोणाकडे पाठवावे हे त्याला माहीत असावयास पाहिजे.

आणि आपल्याकडे पाठवायला जागाच नाहीत असे नाही. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणावयाचे, औषधोपचार करावयाचे, आणि बरे वाटले की त्यांचे घर शोधून, मग ते देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, तेथे पोचवावयाचे, असे हे काम. त्यासाठी २०१८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मनाच्या आजारावर औषध आहे आणि बरा झालेला माणूस घरी परत जाऊ शकतो, ह्याचा याहून मोठा धडा कोणत्या पुस्तकात मिळणार? तसेच ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने ‘टेली मानस’ ही दूरध्वनीवरची सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. ज्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला हा क्रमांक पाठ आहे, त्या वर्गाच्या सरांना माझ्याकडून पाच गुण आगाऊ.

तेव्हा आता कामाचे बोलू. मुलांची मते घ्यावीत, जरूर घ्यावीत. पण ती कशी घ्यावीत?

पहिले असे की, मुलाला जे ठाऊक असते तेच त्याला विचारावे. सरांचे ज्ञान अद्ययावत आहे का, हे त्याला कसे कळणार? ते सरांच्या बरोबरीच्या जाणत्या शिक्षकांनी तासाला बसून पाहावे. पण सर वेळेवर आले का, सांगितलेले समजले का, शंका विचारली तर कुणी हसले का, घरची अडचण सांगितली तर ती वर्गाबाहेर फुटली का, हे मुलाइतके दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसते. ह्यातल्या प्रत्येक बाबतीत त्याची साक्ष पहिली मानावी.

दुसरे असे की, सत्र संपल्यावर मते घेऊन काय उपयोग? पीक कापल्यावर खत घालण्यासारखेच ते. सत्राच्या मध्यावर एक साधा कोरा कागद द्यावा. नाव लिहू नये. दोनच प्रश्न असावेत: कोणती गोष्ट समजली नाही? आणि कोणते उदाहरण तुमच्या गावाला लागू पडले नाही? पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात सांगावे, की तुम्ही हे हे म्हणालात, त्यातले हे मी बदलतो, आणि हे बदलत नाही, कारण असे असे. मत दिल्याने काही होते, एवढे दिसले की मुले विचार करून लिहू लागतात. ते दिसले नाही की सगळीकडे एकाच रांगेत खुणा करून मोकळी होतात.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे वर्षभराने पुन्हा विचारावे. विद्यार्थी दाखला घ्यायला येतो, पदवीचे प्रमाणपत्र घ्यायला येतो. तेव्हा त्याला एवढेच विचारावे: ह्या विषयातले काय तुझ्या घरी उपयोगी पडले? कुणाचे सुटलेले औषध पुन्हा सुरू झाले का? सर्पदंश झाल्यावर तासभर भगताकडे न घालवता सरळ रुग्णालयाची वाट धरली का? उदास होऊन कोपऱ्यात बसलेल्या मित्राजवळ कुणी जाऊन बसले का? ह्यांतल्या एकाला जरी ‘होय’ असे उत्तर आले, तरी त्या प्राध्यापकाला ह्याहून दुसऱ्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगतो. मुलांनो, मतांचा कागद हे सूड उगवण्याचे साधन नव्हे आणि सरांना खूश करण्याचेही नव्हे. ‘सर चांगले’ किंवा ‘सर वाईट’ लिहू नका. ‘व्यसनाचा धडा समजला, कारण आमच्या वाडीचे उदाहरण दिले, औषधे न घेण्याचा धडा समजला नाही, कारण सगळे शब्द इंग्रजी होते’, असे लिहा. एवढ्या दोन ओळींनी सरांचे पुढचे वर्ष सुधारते, आणि तुमच्या मागून येणाऱ्या भावंडांचे भले होते.

शाळेतल्या गुरुजींनाही हे लागू आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना कागदावर लिहायला लावण्याची जरुरी नाही. आठवड्यातून एकदा, "आज काय कळलं नाही?" एवढे प्रेमाने विचारले, आणि न कळणाऱ्याची थट्टा होऊ दिली नाही, तरी पुरे.

आणि आईबापांनो, तुम्हीही ह्या परीक्षेतले परीक्षक आहात. मुलगा किंवा मुलगी कॉलेजातून आली की आपण विचारतो, "पेपर कसा गेला?" त्याबरोबर कधी असेही विचारा, "आज जे शिकलास, त्यातलं आपल्या घराला उपयोगी पडेल असं काय होतं?" मुलाला उत्तर देता आले तर सर चांगले शिकवतात असे समजा. उत्तर देता आले नाही, तर मुलाला रागावू नका. हाच प्रश्न उद्या वर्गात सरांना विचारायला सांगा. प्रश्न आवडणारे सर तो ऐकून खूशच होतील.